दोन फिल्सला एक युनिट: कुवैतमध्ये सौरऊर्जा नेमकी कुठे अडते?

वाळवंटातला_वायरमन (धागाकर्ता)

परवा इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, की आखातात ऊन आहे, पैसा आहे, रिकामी जमीन आहे, तरी सोलर लावत नाहीत म्हणजे निव्वळ आळस. आळसाचं राहू द्या, आधी हिशेब बघू. मी कुवैतमध्ये इमारतींच्या वीज आणि एसी देखभालीच्या धंद्यात आहे, त्यामुळे बिलं रोज डोळ्यांखालून जातात.

कुवैती नागरिकाला स्वतःच्या घरासाठी वीज २ फिल्स युनिट दराने मिळते. हजार फिल्सचा एक दिनार. दिनारला साधारण २८० रुपये धरले तर युनिटला ५६ पैसे झाले. हा दर १९६६ पासून तसाच आहे. (कुवैतमध्ये १९६१ पर्यंत भारताच्या रिझर्व्ह बँकेने काढलेला रुपया चालत होता. म्हणजे रुपया जाऊन पाचच वर्षं झाली होती तेव्हाचा हा दर!)

आता समजा एखाद्या कुवैतीने बंगल्याच्या गच्चीवर ५ किलोवॅटचं सोलर बसवलं. इथल्या उन्हात वर्षाला साडेआठ हजार युनिटं तरी निघतील. ८५०० गुणिले २ फिल्स म्हणजे १७ दिनार. पूर्ण वर्षाची बचत पावणेपाच हजार रुपये. आपल्याकडच्या भावाने जरी तीन लाखांत काम झालं असं धरलं, तरी पैसे वसूल व्हायला साठ वर्षं उलटतील. पॅनलचं आयुष्य पंचवीस. कोण लावेल?

आता सरकारच्या बाजूने बघा. एक बॅरल तेल जाळून साधारण ६०० युनिट वीज होते. तेल ७० डॉलर धरलं तर नुसत्या इंधनाचेच युनिटला ११-१२ सेंट, म्हणजे ३६ फिल्सच्या घरात. ते विकायचं २ फिल्सला! शेजारच्या अबू धाबीत सोलरचा भाव दीड सेंटच्याही खाली गेलाय. म्हणजे देशाचा फायदा उघड आहे, पण मीटर ज्याच्या नावावर आहे त्याला तो दिसतच नाही.

थोडा इतिहास. २०१२ साली दोह्याच्या हवामान परिषदेत तेव्हाचे अमीर शेख सबाह यांनी जाहीर केलं, की २०३० पर्यंत १५ टक्के वीज अक्षय स्रोतांतून येईल. त्यातून कुवैत शहराच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर शगाया इथे पहिला टप्पा झाला: ५० मेगावॅट आरशांचं सौर-औष्णिक केंद्र, १० मेगावॅट पॅनल, १० मेगावॅट पवनचक्क्या. एकूण ७०. मग मोठा प्रकल्प होता अद-दबदबा, १५०० मेगावॅटचा. तो झाला असता तर माझ्या हिशेबाने वर्षाला पन्नास लाख बॅरलच्या आसपास तेल वाचलं असतं. जुलै २०२० मध्ये मंत्रिमंडळाने कोविडचं कारण देऊन तो रद्द केला.

आणि मग जून २०२४. पारा पन्नाशीच्या वर, आणि कुवैतमध्ये चक्क ठरवून भारनियमन! इथल्या लोकांना याची सवय नव्हती. आम्हा मराठी मंडळींना मात्र जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच, की अडसर तंत्राचा नाही, दराचा आहे. बाकीच्यांनी लिहावं.

पुणेरी_मीटर

गच्चीवरच्या सोलरचा हिशेब पटला. पण सरकारला कुणी अडवलंय? सरकारने स्वतः वाळवंटात प्रकल्प उभारावा, स्वतःचं तेल वाचवावं, ते बाहेर विकावं आणि नागरिकाला वीज २ फिल्सलाच देत राहावं. ग्राहकाचा दर यात आड कुठे येतो? तुम्ही प्रश्न अर्धाच सोडवलाय.

वाळवंटातला_वायरमन

@पुणेरी_मीटर, रास्त प्रश्न. दोन गोष्टी आहेत.

तेल देणारी कंपनी सरकारी, जाळणारं मंत्रालयही सरकारी. या खिशातलं त्या खिशात. सोलर प्रकल्प मात्र बहुधा खाजगी कंपनीकडून करून घेतात आणि तिच्याशी वीसपंचवीस वर्षांचा वीजखरेदी करार करतात. तिला दर महिन्याला रोकडा मोजावा लागतो. तेल जाळलं तर नुकसान कागदावर, सोलर घेतलं तर खर्च बँकेतून. मंत्री कुठला पर्याय निवडेल? त्यात कर्ज काढायचं तर सार्वजनिक कर्जाच्या कायद्याची मुदत २०१७ मध्ये संपली होती. नवा कायदा यायला मार्च २०२५ उजाडलं.

दुसरी गोष्ट कारभाराची. शगायाचा पहिला टप्पा वैज्ञानिक संशोधन संस्थेकडे, दुसरा (दबदबा) तेलशुद्धीकरण करणाऱ्या सरकारी कंपनीकडे आणि तिसरा सरकारी-खाजगी भागीदारी बघणाऱ्या प्राधिकरणाकडे. वीज मंत्रालय आहे ते वेगळंच. एकाने शिकायचं आणि पुढचं दुसऱ्याने पहिल्यापासून सुरू करायचं. त्यात इथे मंत्रिमंडळं इतकी पटापट बदलली, की मंत्र्याला फाईल समजेपर्यंत तो माजी झालेला असायचा.

खारं_पाणी

नमस्कार. मी आखातातल्या वीज-पाणी केंद्रांवर बराच काळ काम करून आता रत्नागिरीत निवृत्त आहे. वायरमनभाऊंचा दराचा मुद्दा खरा आहे, पण "अडसर तंत्राचा नाही" हे मला मान्य नाही. तिकडे वीज आणि पाणी ही जुळी भावंडं आहेत, हे या चर्चेत कुणी बोललंच नाही.

कुवैतला एकही नदी नाही. पिण्याचं पाणी समुद्राचं गोडं करून येतं. जुनी केंद्रं अशी बांधलीत, की बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि उरलेल्या वाफेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी काढतात. इंधन एकच, माल दोन. आता दिवसा हजार मेगावॅट सोलर आलं, म्हणून तुम्ही टर्बाइन उतरवायला गेलात तर पाणीही उतरतं. हिवाळ्यात हे फार बोचतं. एसी बंद झाले की विजेची मागणी उन्हाळ्याच्या निम्म्याखाली येते, पण पाणी लोकांना लागतंच. म्हणजे पाण्यासाठी बॉयलर पेटता ठेवायचाच, आणि त्यासोबत येणारी वीजही कुणाला तरी द्यायचीच. मग सोलरची वीज घ्यायची कुठे?

उपाय आहे: पाणी आरओने काढायचं, म्हणजे न उकळता दाबाने बारीक पडद्यांतून गाळून. आरओला वीज लागते, वाफ नाही, त्यामुळे ते सोलरशी जुळतं. कुवैतमध्ये शुवैखला आणि अझ-झूरला अशी केंद्रं आहेत. पण आखाताचं पाणी मोकळ्या समुद्रापेक्षा खारट, उन्हाळ्यात कढत, आणि मधूनच शैवालाची लाल लाट आली की पडदे तुंबतात. जुन्या पिढीतले अभियंते म्हणूनच वाफेवर भरवसा ठेवायचे. आम्हीही ठेवायचो.

दुसरं, उष्णता. लोकांना वाटतं ऊन जास्त म्हणजे वीज जास्त. पॅनल तापला की उलट कमी वीज देतो. पंचविसाच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्क्यांची घट धरा. २०१६ च्या जुलैत कुवैतच्या मित्रिबा इथे ५३.९ अंशांची नोंद झाली, आशियातला विक्रम आहे तो. अशा दिवशी पॅनलची पाठ सत्तरच्या वर जाते. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी सोळासतरा टक्के वीज गेलीच. वर धूळ. वादळ येऊन गेलं की काचेवर पिठासारखा थर बसतो, आणि दवाने तो ओला झाला की चिकटून राहतो. धुवायला पाणी? तेच तर तेल जाळून काढलेलं! म्हणून आता कोरडे ब्रश फिरवणारी यंत्रं वापरतात.

तिसरं, रात्र. कुवैतच्या उन्हाळी मागणीत एसीचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे आणि जुलैत रात्री बारालाही एसी बंद होत नाही. शगायाच्या आरशांच्या केंद्रात वितळलेल्या मिठात नऊदहा तासांची उष्णता साठवतात ती याचसाठी. पण ते महाग, आणि ५० मेगावॅटने सतरा हजार मेगावॅटच्या मागणीत काय होणार?

कोकणकन्या

पाण्याचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. वाचतेय. काका, अजून लिहा.

चिंटू_२_०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अबूधाबीकर

खारं_पाणी काकांच्या अनुभवाला नमस्कार. पण जे तंत्राचे अडसर तुम्ही सांगितलेत ते सगळे अमिरातीतही आहेत की! तीच धूळ, तोच उकाडा, पाणीही समुद्राचंच. तरी २०१९ मध्ये अबू धाबीच्या स्वैहानला ११७७ मेगावॅटचा नूर प्रकल्प सुरू झाला. तो उभारणारी कंपनी कुठली माहितेय? आपल्या मुंबईची, स्टर्लिंग अँड विल्सन. त्यानंतर अध-धफ्राला २००० मेगावॅट, १.३ सेंटच्या आसपास दराने. आणि वीज-पाण्याची जोडी तोडण्यासाठी तवीला इथे अवाढव्य आरओ केंद्र बांधलं. शिवाय बराकाचं अणुऊर्जा केंद्र ५६०० मेगावॅटचं. ठरवलं तर होतं.

का ठरवलं हे जास्त महत्त्वाचं. दुबईकडे तेल फारसं उरलेलंच नाही. गॅस विकत घ्यावा लागतो. अबू धाबीकडे तेल भरपूर, पण वीजकेंद्रांना गॅस पुरत नव्हता. २००७ पासून कतारहून समुद्राखालच्या पाइपलाइनने आणतात. ज्याला इंधनाचं बिल आलं, त्याने सोलर लावलं. कुवैतला बिल येत नव्हतं.

पुणेरी_मीटर

अमिरातीत एका माणसाने ठरवलं की झालं. कुवैतमध्ये निवडून आलेली संसद होती, मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारायची. दर वाढवा म्हटलं की खासदार अंगावर यायचे. मग निष्कर्ष काय काढायचा, अक्षय ऊर्जेला हुकूमशाही बरी?

तळ्यात_मळ्यात

@पुणेरी_मीटर, इतक्या घाईने नका. मी राज्यशास्त्र शिकवते, थोडं मोठं लिहिते.

कुवैतच्या संविधानात कलम २१ आहे: नैसर्गिक संपत्ती आणि तिचं उत्पन्न राज्याच्या मालकीचं. नागरिक याचा अर्थ असा लावतो, की तेल आमचं आहे, मग आमच्याच तेलाच्या विजेचे पैसे आम्ही का भरायचे? तो कर भरत नाही, बहुतेक नागरिक सरकारी नोकरीत असतात, आणि स्वस्त वीज हा त्याला तेलातला आपला हिस्सा वाटतो. खासदार अंगावर यायचे ते म्हणूनच. २०१६ च्या कायद्याने दर वाढवले तेव्हाही नागरिकांची राहती घरं वगळली. वाढ पडली भाड्याच्या इमारतींवर (५ फिल्स), दुकानांवर आणि सरकारी कचेऱ्यांवर. म्हणजे कुणावर, ते कळलं असेलच. भाड्याच्या इमारतीत कोण राहतं?

आता गंमत बघा. १० मे २०२४ ला अमिरांनी संसद बरखास्त केली आणि संविधानातली काही कलमंही स्थगित केली. अंगावर यायला खासदार उरले नाहीत. त्यानंतर वर्ष उलटलं तरी नागरिकांच्या घरचा दर २ फिल्सच होता! तेव्हा संसदेला दोष देऊन भागत नाही.

सौदीत संसद नाही. तिथे जानेवारी २०१८ मध्ये घरगुती दर ५ हलालांवरून (शंभर हलालांचा एक रियाल) एकदम १८ हलालांवर नेला. पण त्याच्या आधीच कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना रोख मदत द्यायची योजना सुरू केली होती, आणि दरवाढीनंतर काही दिवसांतच राजाने सरकारी नोकरांना महिना १००० रियाल भत्ता जाहीर केला. म्हणजे राजालाही कुरकुर नको असते. त्याच सौदीने मार्च २०१८ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेबरोबर २०० गिगावॅट सोलरची घोषणा केली होती. जगभर मथळे झाले, जमिनीवर काही उतरलं नाही. प्रत्यक्षात जे झालं ते साधं, एकेका निविदेने: सकाका ३०० मेगावॅट, सुदैर १५०० मेगावॅट. (सुदैरचं बांधकाम एल अँड टी कडे होतं.)

तेलाच्या_घाण्याला

एक शंका. कुवैतने तेल वाचवलं तरी विकणार कुठे? ओपेकचा, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेचा, कोटा असतो ना? मग वाचलेलं तेल जमिनीतच राहणार, फायदा शून्य.

खारं_पाणी

कोटा उत्पादनावर असतो, निर्यातीवर नाही. वीस बॅरल काढायची परवानगी असेल आणि घरात पाच जाळली तर विकायला पंधरा. घरात दोनच जाळली तर अठरा. म्हणजे कोटा असला की बचत उलट जास्त मोलाची.

कोट्याचा त्रास होतो तो गॅसला. कुवैतचा बराचसा गॅस तेलाबरोबर वर येतो. कोटा कमी झाला, तेल कमी काढलं की गॅसही आपोआप घटतो, आणि वीजकेंद्रांना तर तोच हवा असतो. म्हणून तेलाच्या विहिरीवर बसलेला हा देश २००९ पासून जहाजाने द्रवरूप गॅस आयात करतो. २०२१ मध्ये अझ-झूरला त्यासाठी भलंमोठं टर्मिनल सुरू झालं.

लेगॉसचा_पाहुणा

आखाताच्या बाहेरचं लिहितो. नायजेरियाकडे तेल भरपूर, पण वीस कोटींच्या वर लोक आणि ग्रिडमधून मिळणार चारपाच हजार मेगावॅट. तीही मधूनच पूर्ण कोसळते. त्यामुळे दुकान, दवाखाना, घर, सगळीकडे जनरेटर. पेट्रोलवर सबसिडी होती तोवर जनरेटर परवडायचा आणि सोलर ही श्रीमंतांची हौस होती. २९ मे २०२३ ला टिनुबू राष्ट्राध्यक्ष झाले आणि पहिल्याच भाषणात सबसिडी संपल्याचं सांगून मोकळे झाले. लिटरला १९० नायराच्या आसपास असलेलं पेट्रोल काही दिवसांत ५०० च्या घरात. हाल झाले लोकांचे, ते मी पाहिलेत, त्यामुळे "सबसिडी काढा" हे वाक्य कुणी सहज टाकलं की मला राग येतो. पण त्यानंतर आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर पॅनल दिसायला लागले हेही खरं. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा एक पॅनल, एक बॅटरी.

फ्योर्डवाली_मावशी

नॉर्वेचं उदाहरण कुणी देण्याआधीच सांगते: ते इथे लागू नाही. इथली वीज तेलावर कधी नव्हतीच. धबधब्यांवरची वीज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, आणि एकोफिस्कला तेल सापडलं १९६९ मध्ये. तरीही फोसेनला पवनचक्क्या बांधल्या तेव्हा इथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडिअरच्या कुरणांवर गदा आली आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने बेकायदा ठरवले. अडसर सगळीकडे असतात, जात वेगळी.

शेतकरी_फीडर

कुवैतींना हसण्याआधी आपल्या बांधावर बघा. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना महाराष्ट्रात वीज मोफत आहे. दर शून्य! तरी आपल्याकडे सौर कृषिपंप आणि सौर कृषिवाहिनीचं काम जोरात का चाललंय? वायरमनभाऊंच्या नियमाने ते थंड पडायला हवं होतं. शेतकऱ्याला पैसे द्यायचेच नाहीत, मग वीज कोळशाची काय नि उन्हाची काय.

उत्तर सोपं आहे. शेतकऱ्याची सबसिडी कुणीतरी भरतं: राज्य सरकारची तिजोरी आणि जास्त दर मोजणारे कारखानदार. दोघंही ओरडतात. स्वस्त सोलरने ते ओझं हलकं होतं, म्हणून सरकार स्वतः धावतं. शिवाय शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही. म्हणजे वीज फुकट असणं हा खरा अडसर नाही. फुकटाचं बिल कुणाच्याच टेबलावर न पडणं हा अडसर आहे. अबूधाबीकर तेच म्हणाले, मी फक्त बांधावरून म्हणतोय.

अबूधाबीकर

+१००. असंच म्हणायचं होतं.

वाळवंटातला_वायरमन

@शेतकरी_फीडर, हे पटलं, आणि कुवैतमध्ये आता नेमकं तेच बदलतंय. बिल टेबलावर पडायला लागलंय. आयात गॅसचे पैसे रोख द्यावे लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कतारशी वर्षाला ३० लाख टनांचा पंधरा वर्षांचा करार झाला. उन्हाळ्यात आखाती देशांच्या सामायिक ग्रिडमधून वीज विकत घ्यावी लागते, तीही फुकट नसते. २०२५ च्या एप्रिलमध्येच, उन्हाळा धड सुरूही झाला नव्हता तेव्हा, शेती आणि उद्योगांच्या भागात पुन्हा वीज कापली. आणि ज्या सरकारने दबदबा रद्द केला त्यानेच शगायाच्या तिसऱ्या टप्प्यात त्याच भागातल्या ११०० मेगावॅटसाठी कंपन्यांची पात्रता मागवली. २ फिल्सला हात न लावता.

थकबाकीचंही सांगतो. सप्टेंबर २०२३ पासून परदेशी माणसाला वीजबिल भरल्याशिवाय देश सोडता येत नाही. सुट्टीवर निघालेला माणूस विमानतळावर आधी बिल भरतो. तळ्यात_मळ्यात ताईंच्या "कुणावर" या प्रश्नाचं हे आणखी एक उत्तर.

कोकणकन्या

अवांतर: माझ्या भाच्याला कुवैतमधल्या एका सोलर कंपनीत देखभालीच्या कामाचं बोलावणं आलंय. एजंट म्हणतो, तिथे आता सोलरची लाट येणार. पाठवावं का?

वाळवंटातला_वायरमन

कोकणकन्या ताई, लाट वगैरे एजंटची भाषा. इथे चालू असलेलं सोलर अजून नावापुरतं आहे. पात्रता मागवणं वेगळं, करार होणं वेगळं आणि वाळूत खांब उभे राहणं त्याहून वेगळं. दबदबाच्या वेळीही लोक असेच आशेवर बसले होते. एका एजंटने तेव्हा सोलरच्या नावाखाली माणसं आणून चिलर साफ करायला लावलेली मी पाहिलीत. भाच्याने तीन गोष्टी बघाव्यात: व्हिसा त्या कंपनीच्याच नावाचा आहे का, करारावर कामाचं नाव आणि मूळ पगार स्पष्ट लिहिलाय का, आणि एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का.

सोलरमध्येच शिकायचं असेल तर सौदी किंवा ओमान आधी बघा. ओमानमध्ये इब्रीला ५०० मेगावॅटचं केंद्र चालू आहे आणि मनहला ५०० ची दोन झालीत. काम कष्टाचं आहे, उन्हाळ्यात बरीचशी देखभाल रात्रीच करतात, पण हाताला अनुभव खरा मिळेल. कुवैतच्या ११०० मेगावॅटचा करार सही झाला की हा धागा वर काढतो.